उजव्या हाताची खिडकी

नांदेडला गाडीत पाय ठेवल्याबरोबर त्या पोरानं पहिलं काम कोणतं केलं असेल, तर चपलांसकट बाकावर चढलं. मग वरच्या बर्थच्या साखळीला लोंबकळलं. आणि लोंबकळता लोंबकळता मला विचारलं, "आजी, तुमचे दात खरे हायत का?"

"खरे हायत. चावून दाखवू?"

पोरगं खाली बसलं. नाव हमजा, असेल सातेक वर्षांचं. त्याची धाकटी बहीण जेबा. ती बोलायची नाही, नुसतं भावाकडं बघायची आणि त्यानं केलेला प्रत्येक उद्योग थोड्या वेळानं स्वतः करून बघायची. सोबत त्यांची आजी खातूनबी, नांदेडच्या इतवारा मोहल्ल्यातली. अंगानं भरलेली, पानाचा डबा मांडीवर, आणि नातवंडांवर नजर अशी, की जणू ती शेजारणीची आहेत. तिचा मुलगा जलीलही होता. पण तो वरच्या बर्थवर जो चढला, तो बिदरला लग्नघरीच खाली उतरेल असं दिसत होतं.

आम्ही दोघं नायगावकडचे. धाकटा हरिओम बंगळूरला कंप्युटरच्या कंपनीत लागलाय, त्याच्याकडं निघालो होतो. कुणी विचारलं की ह्यांनी मोठ्या आवाजात "बंगळूर" म्हणायचं, एवढं ठरलेलं. पण माझं ध्यान बंगळूरवर नव्हतं. माझं ध्यान लातूर रोडवर होतं.

तिथं माझी लेक आरती येणार होती. तिला दिली किल्लारीत. भूकंपात घर गेलं, माणसं तेवढी वाचली. सरकारनं नवं घर दिलं, पण जावई शरणप्पाचं मन त्यात रमेना. दोघं लातूरला आले आणि क्लासच्या पोरांसाठी मेस काढली. गावोगावची पोरं डॉक्टर व्हायला लातूरला येतात, आणि डॉक्टर व्हायच्या आधी त्यांना दोन वेळचं जेवण लागतं. मेस अशी चालली, की लेकीला माहेर दिसेनासं झालं. लई वर्षांनी पाळणा हलला, तर बाळंतपणालाही आली नाही. म्हणे, पोरांच्या परीक्षा तोंडावर आहेत. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, हे काय मी नवीन काढलं? मी म्हणाले, बरं. राहा तिकडंच. आणि मीही गेले नाही. बाळ पाच महिन्यांचं झालं, मी त्याचा फोटोसुद्धा मागितला नाही. मागायचा कशाला? त्यांनी पाठवायला पाहिजे.

शेवटी ह्यांनी माझ्या पाठीमागं बूथवरून फोन केला. आरतीचा निरोप आला, "गाडी लातूर रोडला दोनच मिनिटं थांबते. दुपारची जेवणं उरकून जीपनं येते, बाळाला घेऊन. फलाट उजव्या हाताला येतो. आईला उजव्या खिडकीशी बसायला सांगा."

मला काही उत्साह वाटला नाही. फक्त जरीकाठाचं लुगडं नेसले, बस.

आता उतरून भेटावं, तर दारापर्यंत जायची सोय नव्हती. परभणीला अकरावीसाठी लातूरला निघालेल्या पोरांचा लोंढाच शिरला. पत्र्याच्या पेट्या, गाद्यांच्या वळकट्या, एकेकाबरोबर निरोपाला दोन दोन मामा. दारापर्यंत मुंगी जाईना, आणि माझे गुडघे तर मुंगीएवढेही चालत नाहीत. म्हणजे खिडकीच पाहिजे. परभणी सोडली तसं मी इंजिनाकडं तोंड करून हिशेब केला. आमचे बर्थ साइडचे, ते पडले डाव्या हाताला. उजवी खिडकी समोरासमोरच्या बाकांना. आणि त्या खिडकीत हमजा बसलेला.

सरळ मागितली असती तर मिळाली असती, असं नंतर हे म्हणाले. पण मी कुणाकडं मागत नाही. मी शिस्त लावते.

"खातूनबी, लेकरू खिडकीतून हात बाहेर काढून राहिलंय."

"काढू द्या बाई, हात त्याचाच हाय."

"अन् खांब आला म्हंजी?"

"खांब बाजूला व्हतो. हमजाला सगळेच बाजूला व्हतात."

तेवढ्यात हमजानं अर्धापूरच्या केळ्याचं साल बाहेर भिरकावलं. मागोमाग जेबानंही भिरकावलं. तिचं केळ अजून खायचं बाकी होतं, ते सालासकट गेलं.

"हे बघा," मी म्हणाले. "गाडीत असं वागायचं नसतं. साल पिशवीत ठेवायचं. चपला बाकाखाली काढायच्या. अनोळखी माणसानं दिलेलं खायचं न्हाई. अन् वडीलधारं माणूस असलं की खिडकी त्याची. लेकरांनी साइडच्या बाकावर बसावं. आमच्यात असंच असतं."

"आमच्यात बी असंच असतं," खातूनबी पानाचा देठ खुडत म्हणाली. "पण हमजात न्हाई."

तरी माझ्या आवाजापुढं टिकणारं पोर अजून जन्मायचंय. हमजा उठला. बाकाखालच्या चपला हातात घेतल्या आणि जेबाला ओढत आमच्या साइडच्या बाकाकडं निघाला. जाता जाता थांबला.

"आजी, मग ती खिडकी आता आमची?"

"तुमची."

"पक्की? परत मागायची न्हाई?"

"मी दिलेलं परत मागत न्हाई," मी म्हणाले आणि उजव्या खिडकीशी ऐसपैस बसले. पदर नीट केला. ह्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि पेपर उघडला. पेपर उलटा होता, म्हणजे हसत होते.

परळी आली. गाडी बराच वेळ थांबली. हे खाली जाऊन चहा घेऊन आले, दारातल्या पोरांना "सरका रे डॉक्टरसाहेब" म्हणत. गाडी सुटली आणि जरा वेळानं हमजा ओरडला, "आजी, झाडं उलटी पळून राहिलीत!"

"झाडं पळत नसतात. गप बस."

"पण मघा मी बसलो तिकडं चालली व्हती गाडी. आता जेबा बसली तिकडं चालली."

मी खिडकीबाहेर बघितलं. मला काहीतरी चमत्कारिक वाटायला लागलं. मघा वारा तोंडावर येत होता, तो आता मानेवर येत होता.

"अहो," मी हळूच विचारलं, "गाडी परत नांदेडला चालली का काय?"

"परळीला इंजिन ह्या टोकाचं काढून त्या टोकाला लावतात," हे चहा फुंकत म्हणाले. "दरवेळी लावतात."

"मग आता उजवा हात कुठला?"

"तुझा तोच हाय. गाडीचा बदलला."

 लातूर रोडचा फलाट आता साइडच्या खिडकीला येणार होता. मी स्वतःच्या तोंडानं पक्की करून दिलेल्या खिडकीला.

"माग की त्याला," हे म्हणाले.

"मी? त्या वीतभर पोराला?"

"मग नको मागू. बाळ पुढच्या वर्षी चालायला लागल्यावर बघ. स्वतःच येईल नायगावला."

मी डबा उघडला. शेंगदाण्याचे लाडू बंगळूरला न्यायला केले होते. "ये रे हमजा, लाडू घे. इकडं येऊन बस माझ्याजवळ."

"तुमीच म्हणाल्या, अनोळखी माणसाचं खायचं न्हाई."

"मी अनोळखी हाय का रे?"

"तुमचं नाव काय?"

"केवळाबाई."

"मग आता न्हाई अनोळखी," म्हणत आला, एक स्वतःला आणि एक जेबाला घेतला, आणि परत जाऊन त्याच खिडकीशी बसला.

"तिकडं ऊन लागंल. काळे पडाल दोघं."

"आमी काळेच हाव."

खातूनबीचं सगळं अंग हसण्यानं हलत होतं. पण हसू आवरून ती माझ्याजवळ सरकली. "बाई, लाडू किती शिल्लक हायत?"

"का?"

"न्हाई, लातूर रोडपस्तोर पुरतील का म्हणून विचारलं. परळीपास्नं तुमची मान त्या खिडकीकडं वळून राहिलीय. काय पायजे ते पोराला सरळ सांगा. मी उठवलं तर बिदरपस्तोर रडंल, अन् ते रडणं तुमी न्हाई, मी ऐकणार. बोली तुमची अन् त्याची झाली, मी मधी न्हाई."

पानगाव गेलं. दारातली पोरं पेट्या उचलायला लागली. कुणाची तरी वळकटी सुटली, मामालोक एकमेकांवर ओरडायला लागले. आता लातूर रोडच. मी साखळी धरून उठले. चार पावलं नसतील, पण घामाघूम झाले.

"हमजा."

"जी, आजी."

"ती खिडकी मला पायजे."

"का?"

जिभेवर वडीलधाऱ्याच्या मानाचं आलं होतं. ते मी गिळलं. "माझी लेक येणार हाय फलाटावर. तिचं बाळ मी अजून बघितलं न्हाई."

"एकदा बी?"

"एकदा बी न्हाई."

"ती लांब राहती?"

"न्हाई. लातूरला."

"मग गाड्या बंद हायत?"

"चालू हायत."

"मग?"

आता ह्या "मग"ला काय सांगावं? ती आली नाही म्हणून मी गेले नाही, हे मी गावात कितीतरी जणींना सांगितलं होतं आणि सगळ्यांनी मान डोलावली होती. त्या पोराला सांगितलं, तर ते माझ्या तोंडाकडं बघतच राहिलं. मग आजीकडं बघितलं. खातूनबी पानाच्या डब्यात तोंड घालून बसली होती.

"बसा," हमजा म्हणाला. जेबाला मांडीवर घेऊन त्यानं जागा केली. "पण बाळ आमी बी बघणार."

फलाट आला. गाडी मंद झाली आणि मला आरती दिसली. एका हातानं दुपट्यातलं गाठोडं छातीशी धरलेलं, दुसऱ्या हातात डबा, एकेका खिडकीत वाकून बघत होती. वाळली होती.

"आरते!"

धावत आली. खिडकीच्या गजांना बिलगून उभी राहिली. बाळाच्या कपाळाला हे एवढं मोठं काजळाचं बोट. डोळे शरणप्पाचे आणि नाक, देवाची शपथ, माझं. मी "सोन्या" म्हणाले. सोन्यानं माझ्याकडं ढुंकून बघितलं नाही. त्यानं जेबाकडं बघितलं आणि बोळकं उघडून हसला.

"वाळलीस," मी लेकीला म्हणाले.

"तू बी."

"मी वाळले न्हाई. वय झालं."

"धपाटे हायत ह्यात, रस्त्याला व्हतील."

"मेसचे?"

"मेसचे न्हाईत. मी केलेत."

"मेसचे कोण करतं मग?"

"आई, दोन मिनिटं थांबती गाडी. तेवढं तरी गोडीनं घे."

तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, समोरून मालगाडी यायचीय, क्रॉसिंग आहे, वेळ लागणार. झालं. दोन मिनिटांपुरतं भांडण माझ्याजवळ तयार होतं, ते संपलं. आता वेळच वेळ, आणि बोलायला काही नाही. ती दुपट्याचा काठ सारखा करत राहिली. मी वाट बघत होते, ती म्हणेल, आई, ये ना चार दिवस. ती म्हणेना. ती खाली बघत होती, ओठ आवळून. ते ओठ आवळणं मी ओळखते. मी रोज आरशात बघते. ती मेली तरी म्हणणार नव्हती. माझीच लेक ती.

एकदा हमजाकडं मागून झालं होतं. तोंड अजून तेवढं घट्ट मिटलं नव्हतं.

"आरते, येऊ का गं तुझ्याकडं?"

"कधी?"

"आता."

तिनं मान वर केली. डोळे भरले आणि आवाज मात्र चढला. "मग उतर की! इचारतीस काय गजाआडून?"

पेट्यावाली पोरं उतरून गेली होती, दार मोकळं होतं. मी उठले.

"अन् बंगळूर?" हे म्हणाले.

"तुमी जा. हरिओमला सांगा, आई मागनं येतीय."

"अन् तुझं तिकीट?"

"त्याच्यावर पाय पसरून झोपा."

खातूनबीनं माझी पिशवी उचलली, दारापर्यंत आली आणि मला हाताला धरून उतरवलं. "जा बाई. साहेबांना बिदरपस्तोर आमी सांभाळतो. फुडं अल्ला मालिक." तिनं बाळाच्या तळहातावर एक नाणं ठेवलं आणि मूठ मिटवली. मालगाडी धडधडत गेली, मग आमची गाडी हलली. हमजा आणि हे एकाच खिडकीसाठी ढकलाढकली करत होते. ह्यांचं काही चालेल असं वाटलं नाही.

बाळ आता माझ्याकडं आलं होतं. त्यानं माझी नथ धरली आणि सोडायलाच तयार नव्हतं.

"चल लवकर," आरती जीपवाल्याला हात करत म्हणाली. "संध्याकाळची कणीक मळायची हाय. जेवायला उशीर झाला की पोरं ताटं वाजवत्यात."

"अन् बाळाला कोण घेणार?"

"तू."

"अन् कणीक?"

"ती बी तूच. मी भाजीचं बघते."

लेकीला भेटून अजून जीपसुद्धा सुटली नव्हती, आणि मला दोन माणसांच्या कामाला लावलं.  पुढच्या सीटवर बसलेल्या बाप्याला सरकायला सांगितलं, बाळाला नीट मांडीवर घेतलं आणि विचारलं, "किती पोरं जेवायला असतात गं?"

"आधी बस तर नीट," ती म्हणाली. "आकडा ऐकून उतरून जाशील."