कष्टाचे गुण

बाईंचं म्हणणं असं, की हुशार मुलांना हुशारीचे गुण द्यायचेच कशाला? हुशारी त्यांना फुकटात मिळालेली असते. यापुढे गणिताच्या खास वरच्या वर्गासाठी निवड व्हायची तर कष्टाचे गुण हवेत. मुख्याध्यापिका झाल्यापासून बाईंना असं काहीबाही सुचतं, आणि मी गणिताचा मास्तर असल्यामुळे ते माझ्याच डोक्यावर येऊन आदळतं.

कष्ट मोजायचे कसे? तर वर्गात फिरून बघायचं. खोडाखोड, कपाळावरच्या आठ्या, कच्च्या कामाचे कागद. पोरं काही दुधखुळी नाहीत. बघता बघता सगळा वर्ग उसासे टाकायला लागला. एक जण तर आधी बरोबर उत्तर लिहायचा, त्यावर मुद्दाम काट मारायचा आणि बाई जवळ आल्या की कण्हत कण्हत तेच पुन्हा लिहायचा.

टिकलीला मात्र सोंग जमेना. टिकली म्हणजे माझी भाची. शाळेत मी सर, घरी मामा. फळ्यावर गणित पुरतं उतरायच्या आत हिचं उत्तर तयार. इथे तिला नुसत्या जांभया येत, म्हणून तिला वरच्या वर्गात जायचं होतं.

"अगं, निदान पेन तरी चाव," मी घरी म्हणालो.

"कशाला, मामा? झालेलं असतं ना उत्तर!"

शेवटी मी इरेला पेटलो. निवडीच्या दिवशी तिला असं गणित दिलं, ज्यापुढे मी स्वतः हात टेकले होते. टिकलीनं ते वाचलं, पेन खाली ठेवलं आणि खिडकीबाहेर बघत बसली. हाक मारली तरी तिला ऐकू जाईना. पोरगी जन्मात पहिल्यांदा झगडत होती. मला इतका आनंद झाला की डोळे भरून आले.

तेवढ्यात बाई आल्या. त्यांनी कोरा कागद उचलून पाहिला.

"आळशी आहे," म्हणाल्या आणि शून्य दिलं.

मी जीव तोडून समजावलं.

"तुमची भाची आहे म्हणून बोलताय, सर."

निवड झाली ती कण्हणाऱ्याची.

दुसऱ्या दिवशी सकाळी टिकली विस्कटलेल्या केसांनीच माझ्याकडे धावत आली. "मामा, सुटलं!"

मी एकेक पायरी तपासली. कुठेही बोट ठेवायला जागा नव्हती. निवडीचं तिला अजून कुणी सांगितलं नव्हतं.

"असलंच आणखी एक दे ना, मामा. याच्याहून अवघड."

माझ्याकडे नव्हतं. असली गणितं वरच्या वर्गात असतात.