सिद्धप्पाची गिटार

मी सिद्धप्पाची गिटार बोलतेय. ‘सिद्धप्पाची’ म्हटलेलं त्याला खपणार नाही, तर न खपो. आधी ऐकून तरी घ्या. माझं कुणी धड ऐकलंच नाही, हेच तर माझं दुखणं आहे.

सोलापुरात तंबोरा म्हटला की सिद्धप्पा. अक्कलकोटपासून करमाळ्यापर्यंतचे गवई त्याच्या दारात यायचे. तंबोऱ्याच्या घोडीवर, म्हणजे ज्या हाडाच्या पट्टीवर तारा टेकतात तिच्यावर, तो प्रत्येक तारेखाली सुताचा एक धागा सरकवायचा. मग तार नुसती टणकन वाजून गप्प बसत नाही, कितीतरी वेळ गुंजत राहते. धागा नेमक्या जागी बसेपर्यंत सिद्धप्पा जेवायला उठत नसे. बायको मायाक्का ताट झाकून ठेवायची आणि तोंडानं बडबडत राहायची.

अठ्ठावीस साली रेल्वेतले गार्ड पिंटोसाहेब एक फुटकी गिटार घेऊन आले. सामानाच्या डब्यात तिच्यावर कुणाची तरी ट्रंक कोसळली होती. अगदी अशीच दुसरी करून द्या, म्हणाले. सिद्धप्पानं जन्मात गिटार पाहिली नव्हती. पण नाही म्हणेल तर तो सिद्धप्पा कसला?

तंबोऱ्याला वापरतात तेच तुणीचं लाकूड तासून, वाकवून त्यानं मला घडवलं. मापात केसाचा फरक नाही. फक्त घोडीपाशी आल्यावर त्याला त्या फुटक्या गिटारीची कीव आली. “बिचारीला सूतच न्हाय की. मुकी ठिवली हिला,” असं म्हणत त्यानं माझी घोडी तंबोऱ्यासारखी रुंद केली आणि साही तारांखाली धागे सरकवले. मी पहिल्यांदा वाजले तेव्हा त्यानं डोळे मिटून घेतले होते. माझं सगळं सुख तेवढंच.

पिंटोसाहेबांनी तार छेडली आणि तोंड वाकडं केलं. “सिद्धप्पा, ही खरखरते.”

“खरखर न्हाय सायेब, गुंजतीया. जरा कान देऊन ऐका.”

“मला हे गुंजणं नको आहे. ते धागे काढून टाका.”

“उद्या म्हनाल पोरीची जीभ काडा. न्हाय जमायचं.”

दोघं एकाच आवाजावरून भांडत होते हो, आणि दोघंही खरं बोलत होते. मी मधल्या मध्ये लोंबकळत राहिले. साहेब मला तिथंच टाकून निघून गेले.

गावाला एवढं पुरलं. ‘सिद्धप्पाची गिटार खरखरते’ हे बाजारात पोचेपर्यंत ‘सिद्धप्पाचा हात गेला’ असं झालं. वेणीमाधव मास्तरांनी शाळेसाठी सांगितलेला तंबोरा रद्द करून मिरजेहून मागवला. ते सांगायला आले तेव्हा मी त्यांच्या डोक्यावरच खुंटीला होते. एकदा बोट लावून बघतील तर शपथ. माणसांच्या या खोडीनं माझं डोकं फिरतं. आंबा घेताना दहा वेळा हुंगतील, पण माणसाचं नाव बुडवायला ऐकीव गोष्ट चालते.

हळूहळू दुकानाकडे कुणी फिरकेना. सिद्धप्पा तंबाखू मळत माझ्याकडे बघत बसायचा, पण धाग्याला हात लावीना. मायाक्काला ते बघवेना. तो तंबोऱ्यांसाठी भोपळे आणायला मंगळवेढ्याकडे गेला, तेव्हा तिनं मला मांडीवर घेतलं आणि नखानं साही धागे ओढून काढले. “मालकाचं नाव ऱ्हायलं पायजे, बाई,” मला म्हणाली. तिच्यावर तरी कशी चिडू? तो परत यायच्या आत तिनं साहेबांना निरोप धाडला. साहेब आले, वाजवून बघितलं, आणि खूश होऊन मला घेऊन गेले.

मग रेल्वेच्या हॉलात जलसा झाला. साहेब मनाचे मोठे. त्यांनी सिद्धप्पाला बोलावून पुढच्या खुर्चीवर बसवलं, मला वाजवलं आणि भर सभेत सांगितलं, ही गिटार यांनी केली. टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यांत जोरात कोण, तर वेणीमाधव मास्तर. सिद्धप्पा उठला. गेलेलं नाव समोर हात जोडून उभं होतं, त्यानं नुसती मान डोलवायची होती.

“ही माजी न्हाय,” तो म्हणाला.

लोकांना तो विनय वाटला. त्यांनी आणखी टाळ्या वाजवल्या. तो चपला घालून चालता झाला.

आज मी साहेबांच्या बैठकीत खिडकीशेजारी टांगलेली आहे. येणारा जाणारा विचारतो, सिद्धप्पाची का? वा. त्याच्या दुकानात पुन्हा गवयांची रीघ लागली आहे. तो मात्र याच रस्त्यानं जातो आणि मान वळवत नाही.

अरे बाबा, मी तीच आहे. घोडी तुझ्याच हातची आहे, तशीच रुंद आहे, फक्त धागे गेलेत. आणि या गावात सुताचा काय दुष्काळ पडलाय? गिरणीचा भोंगा झाला की खिडकीखालून माणसांचा लोंढा घरी निघतो. कुणाच्या केसांत सूत, कुणाच्या सदऱ्याला सूत. त्यातला एक धागा कुणीतरी माझ्या एका तारेखाली सरकवा, तार छेडा आणि खिडकी उघडी ठेवा. सिद्धप्पा एवढ्यात इथूनच जाईल.