तिरडीचं फाटक

भिवाने सकाळपासून विटांचा जेमतेम एक थर रचला आणि थापी धुऊन ठेवली. मुकादमाने विचारलंच तर वाळू ओली आहे, ही सबब तयार होती. भर वैशाखात वाळू ओली कशी, हे विचारायला मुकादम फिरकला नाही. तोही शहाणा माणूस होता.

माझ्या तिकीटघराच्या मागच्या खिडकीतून हे सगळं दिसे. मी बुकिंग क्लार्क. माहीमहून यायचं, पुठ्ठ्याच्या तिकिटांवर तारखेचा ठसा मारायचा आणि संध्याकाळी दुखरी पाठ घेऊन घरी जायचं, एवढाच माझा पराक्रम. पुढच्या खिडकीतून लोकांचे नुसते हात दिसत. मागच्या खिडकीतून मात्र फाटकवाला कोंडीराम दिसे, त्याचं फाटक दिसे, आणि आता त्या फाटकाच्या जागी वर येणारी भिंत.

आमचं स्टेशन फाटकाच्या पोटी जन्मलं, असं जुनी माणसं सांगत. आधी इथे स्टेशन नव्हतंच. कापसाच्या गाठी भरलेल्या बैलगाड्या रूळ ओलांडून गिरण्यांकडे जायच्या, त्यांच्यासाठी फाटक होतं. मग गिरण्यांतल्या माणसांसाठी एक बुटका फलाट झाला, फलाटावर छप्पर आलं, छपराला घड्याळ टांगलं. पुढे रूळ वाढले, दुसरा फलाट झाला, रस्ता मोठ्या पुलावरून नेला आणि बैलगाड्या गेल्या. माणसांना ये-जा करायला फलाटाच्या दक्षिण टोकाला लोखंडी जिन्यांचा पूल घातला. फाटकाची मोठी दारं काढून नेली. उत्तर टोकाला उरलं एक लहान दार, आणि ते उघडायला कोंडीराम.

ते दार वरातीला उघडत नसे, गणपतीला उघडत नसे, स्टेशनमास्तरच्या मेव्हण्यालाही उघडत नसे. उघडायचं ते फक्त तिरडीला. चाळी पूर्वेला, स्मशान पश्चिमेला आणि मध्ये रूळ. गेलेल्या माणसाला जिन्यावरून चढवायचं-उतरवायचं नाही, असा इथला रिवाज होता. तिरडी आली की कोंडीराम सिग्नलच्या केबिनला घंटी द्यायचा. केबिनवाल्याने गाड्या रोखल्या की लाल निशाण हातात आणि टोपी काखेत घेऊन तो तिरडीच्या पुढे रूळ ओलांडायचा. पलीकडे पोचल्यावर बाजूला उभा राहून सगळ्यांना वाट करून द्यायचा. शेवटचा माणूस गेला की परत येऊन आपल्या स्टुलावर बसायचा. तिरडी कुठल्या जातीची, हे त्याने कधी विचारलं नाही.

हे फाटक बंद व्हायला कारण झालं ते गेल्या साली जानेवारीत. मुंबई महाराष्ट्राला मिळत नाही म्हणून गिरणगाव पेटलं होतं. गोळीबारात पूर्वेच्या चाळीतला एक तरुण विणकर गेला. फाटक कोणासाठीही उघडायचं नाही, असा वरून हुकूम आला होता. तिरडी आली. कोंडीरामने पोराच्या आईकडे बघितलं आणि घंटी दिली. तिरडी पलीकडे गेली, पण मागून आलेला जमाव गेला नाही. तो रुळांवरच बसला. दिवस मावळेपर्यंत एक गाडी हलली नाही. कोंडीरामला काही दिवस घरी बसवलं, मग परत घेतलं. साहेबलोक कोंडीरामला विसरले, पण फाटकाला विसरले नाहीत. यंदा निवडणुकीत समिती जिंकली, परळभर पेढे वाटले गेले, आणि पेढ्यांच्या मागोमाग आमच्या स्टेशनात विटा येऊन पडल्या.

“म्या उघडलं, मास्तर, म्हनून बंद हुतंय,” एवढंच तो मला एकदा म्हणाला. त्यात तक्रार नव्हती.

भिंत बांधायला रेल्वेच्या टोळीतला गवंडी म्हणून नेमका भिवाच आला. तो कोंडीरामच्या शेजारच्या चाळीत राहायचा. गेल्या दसऱ्याला नागपूरला जाऊन त्याने दीक्षा घेतली होती, घरातले देव काढून टाकले होते. कोणी कर्मकांडाचं बोललं की दोन गोष्टी ऐकवल्याशिवाय राहायचा नाही. आणि तोच भिवा एका तिरडीसाठी भिंत रखडवत होता.

ती तिरडी कोंडीरामच्या बायकोची, राधाबाईंची.

राधाबाई दिवाळीपासून अंथरुणाला खिळल्या होत्या. पोटात पाणी साचायचं, काढलं की पुन्हा साचायचं. इस्पितळाने हात टेकून घरी पाठवलं होतं. त्यांचं मागणं एकच होतं. खूप वर्षांपूर्वी रुळांचं काम चाललं होतं तेव्हा चाळीतल्या एका बाईची तिरडी पुलावरून न्यावी लागली होती. उतरताना तिरडी कलंडली, प्रेत घसरलं, पदर सरला आणि फलाटावरची माणसं माना वर करून बघत राहिली. राधाबाई तेव्हा भाजीची पिशवी घेऊन खाली उभ्या होत्या. माझी अशी शोभा करू नका, मला तुमच्या फाटकातून न्या, असं त्यांनी नवऱ्याकडून कबूल करून घेतलं होतं. जन्मभर दुसऱ्यांसाठी फाटक उघडणाऱ्याच्या बायकोने दुसरं मागावं तरी काय?

रोज मी विचारायचो, घरी कसं आहे. कोंडीराम म्हणायचा, हाय. तो थकत चालला होता. दिवसा भिंतीसमोर बसायचं, रात्री बायकोच्या उशाशी. शेजारची बकुळा मधूनमधून यायची, तेवढाच त्याला डोळा लागायचा. हे आणखी किती दिवस चालणार, हा प्रश्न चाळीत सगळ्यांच्या तोंडावर होता. फक्त बोलत कोणी नव्हतं.

एके दिवशी दुपारी मी चहा घेऊन फाटकाशी गेलो. भिंत कमरेच्या वर आली होती. भिवा विडी ओढत सावलीत बसला होता. कोंडीराम त्याच्यासमोर उभा होता.

“आज ती उठून बसली,” तो म्हणाला. “पेज मागून घेतली. बकुळा म्हनली, आता बरी हुतीया.”

“मग बरंच की, दादा,” भिवा म्हणाला.

“माज्या मनात काय आलं ठावं हाय? आता हिला भिंतीच्या आधी जमायचं न्हाय.” तो खाली बसला. “घरी गेलो की म्या तिचं तोंड बघत न्हाय, भिवा. श्वास बघतो. कमी झालाय का बघतो. तिनं पेज पिली आन मला वाईट वाटलं.”

मला चहाचा पेला कुठे ठेवावा ते कळेना.

“अजून थोडी कळ काढू,” भिवा म्हणाला. “मुकादमाला मी बघतो.”

“नगं. आजच बांधून टाक. भिंत अर्धी हाय तवर म्या तिच्या मरनाची वाट बघत बसनार.”

भिवाने विडी विझवली. त्या दुपारी त्याने जसं काम केलं तसं आठवड्यात केलं नव्हतं. विटा कोंडीराम स्वतः उचलून देत होता. दिवेलागणीला भिंत पुरी झाली. पाणी मारून भिवा निघाला.

दुसऱ्या दिवसापासून कोंडीरामला पार्सलच्या खोलीशी बसवलं. तो मात्र निवळला होता. संध्याकाळी घरी जाऊन बायकोची वेणी घालायचा, तिला गावाकडच्या गोष्टी सांगायचा. फाटक आहे ना, असं त्यांनी विचारलंच. त्याने खोटं सांगितलं नाही. राधाबाई आढ्याकडे बघत म्हणाल्या, मग आडवी धरा म्हणावं, कलंडू देऊ नका. हे मला सांगताना तो हसला. आमच्या बायका मेल्यावरही हुकूम सोडणार, असं म्हणाला.

ज्येष्ठातल्या एका सकाळी राधाबाई गेल्या. मी खिडकी दुसऱ्याच्या हवाली करून चाळीत गेलो. बायकांनी हिरवं लुगडं नेसवून मळवट भरला होता, ओटीत नारळ ठेवला होता. सवाष्ण गेली, नशिबाची, असं त्या एकमेकींना सांगत होत्या. मूलबाळ नव्हतं. कोंडीरामनेच विस्तवाचं मडकं हातात घेतलं आणि पुढे चालू लागला.

गल्ली संपते तिथे स्टेशनकडे दोन वाटा फुटतात. डावीकडे पूल, उजवीकडे फाटक. कोंडीराम उजवीकडे वळला. त्याच्यामागे तिरडी वळली, तिरडीमागे आम्ही सगळे वळलो. कोणाच्या ध्यानातच आलं नाही. प्रेतयात्रेत कोंडीरामच्या मागून जायचं, हे इतक्या वर्षांत पायांना ठाऊक झालं होतं. तो भिंतीशी जाऊन थांबला. त्याचा मोकळा हात वर गेला, पूर्वी घंटी होती तिथे. मग तो हात तसाच विटांवर टेकला.

खांद्यावर घेतलेली तिरडी माघारी फिरवत नाहीत. गावाहून आलेला कोंडीरामचा चुलतभाऊ रघुवीर कुजबुजला की हा मोठा अपशकुन झाला. कोंडीराम वळला नाही. त्याच्या पाठीकडे बघवत नव्हतं.

मग मागून भिवाचा आवाज आला.

“इथं विसावा घ्या.”

तेवढ्याने सगळं जागेवर आलं. स्मशानाच्या वाटेवर तिरडी एकदा खाली टेकवायची, खांदेकऱ्यांनी जागा बदलायच्या, हा विसावा तर घ्यायचाच असतो. तो इथे झाला, आणि टेकवलेली तिरडी पुन्हा उचलताना तोंड पुलाकडे करायला कोणाची हरकत नव्हती. तिरडी भिंतीच्या पायाशी ठेवली. भिवा पुढे येऊन बांबूला हात लावायला वाकला. रघुवीर मध्ये आला, आमच्यात असं चालत नाही वगैरे पुटपुटू लागला.

“भिवा म्होरं,” कोंडीराम म्हणाला. रघुवीर बाजूला सरकला.

पुलाशी आलो. मागचा एक बांबू माझ्या खांद्यावर होता. चढताना भिवा पुढे इतका वाकला की त्याचे गुडघे पायऱ्यांना लागत होते, आणि मागे आम्ही हात ताणून बांबू डोक्यावर धरले होते. उतरताना उलटं झालं. भिवाने बांबू दोन्ही हातांनी वर तोलला, आम्ही मागे बसत बसत उतरलो. एक पायरी, मग थांबायचं, मग दुसरी. फलाटावर गाडीची वाट बघणारी माणसं उभी होती. त्यांनी माना खाली घातल्या. माझी नजर सारखी ओटीतल्या नारळावर होती. तो जागचा हलला नाही.

खाली पोचलो. कोंडीराम जिन्याच्या कडेला सरकला आणि मडकं धरून उभा राहिला, आम्हाला वाट करून देत. तिरडी त्याच्या पुढून गेली तरी तो हलेना. शेवटचा माणूस जाण्याची वाट बघत असावा.

भिवाने मान वळवून पाहिलं आणि आम्हाला थांबवलं.

“दादा,” तो म्हणाला, “आज तुमाला बी यायचंय.”

कोंडीरामने एकदा रुळांकडे, एकदा तिरडीकडे बघितलं. मग तो आमच्या कडेने पुढे आला आणि चालू लागला.