नारिंगी खाचेचा मान

मित्रांनो, मी पाच खाचांचा एक चार्जर आहे. काष्टी गावातल्या एका शेतकरी घरात, देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर माझी जागा आहे. माझा पांढरा रंग आता पिवळा पडला आहे. वय विचाराल तर जेमतेम तीन वर्षे. पण आमच्या कुळात तेवढ्यातच म्हातारपण येते.

मी कुठल्या कारखान्यात घडलो, ते मला आठवत नाही. आठवते ती माझी निवड. मोबाईलच्या दुकानात माझ्याशेजारी दहा खाचांचा एक काळा, चकचकीत चार्जर टांगलेला होता. या घरच्या थोरल्या मुलाने, गोरक्षनाथने, त्यालाच हात घातला.

"ह्योच घेऊ. दहा भोकं हायेत. पाव्हनं आलं तरी पुरंल."

त्याची बायको पंकजा पुढे झाली. तिने त्या काळ्या चार्जरचे खोके उलटून पाठीवरची बारीक अक्षरे वाचली. मग माझे खोके उलटले. "भोकं दहा, पण वीज दोघांपुरतीच हाय यात," ती हळूच म्हणाली. "ह्याला पाचच हायेत, पण ही नारिंगी खाच बघा. माझा टॅब तीन तासांत भरंल."

"वहिनी, खोक्याची पाठ वाचनारं तुमी पयलंच गिऱ्हाईक," दुकानदार हसला.

"लॅबवाली हाय ती. रगात बी वाचती," गोरक्षनाथ म्हणाला. त्या थट्टेत थोडा अभिमानही होता. रक्त तपासण्याचा अभ्यासक्रम पंकजाने लग्नाआधी पुरा केला होता. स्वतःचा फोन तिला नव्हता. माहेरहून आलेला टॅब, एवढेच तिचे यंत्र. मला कोणी खाचा मोजून नव्हे, वाचून निवडले, हा माझ्या आयुष्यातला पहिला आणि शेवटचा गौरव.

घरी आल्यावर गोरक्षनाथने माझी ओळख करून दिली. नारिंगी खाच सर्वांत जोरकस आहे, हे कळताच त्याची आई बनुबाई म्हणाली, "मंग ती तात्यांची."

आणि ते ठरले. त्या घरात पहिले ताट तात्यांचे, म्हणजे पंकजाच्या सासऱ्यांचे. मग त्यांच्या दोन्ही मुलांची, मग बनुबाईचे, आणि सर्वांच्या मागून पंकजाचे. माझ्या खाचाही तशाच वाढल्या गेल्या. पहिली तात्यांच्या बटणांच्या फोनला. पुढच्या दोन गोरक्षनाथ आणि त्याचा धाकटा भाऊ ओंकार यांना, चौथी बनुबाईच्या भजनांच्या स्पीकरला, पाचवी टॅबला. तात्यांचा फोन घोटभर विजेवर आठवडा काढी. तरी तो दिवसभर तिथेच, पाटावर बसल्यासारखा बसे. त्याच्यासाठी राखलेली वीज माझ्यातच राही, आणि पाचव्या खाचेत मात्र थेंब थेंब गळे.

गेल्या वर्षी नगरच्या एका दवाखान्याने पंकजाला मुलाखतीला बोलावले. मुलाखत टॅबवरच होती, शनिवारी सकाळी दहाला. शनिवार म्हणजे बाजाराचा दिवस, आणि नऊला लाईट जाणार हेही ठरलेले. त्या दिवशी सहा वाजता तिने तात्यांचा फोन अलगद बाजूला ठेवला आणि टॅब नारिंगी खाचेला लावला. मित्रांनो, त्या सकाळी मी प्रथमच कोणाला पोटभर वाढत होतो.

ती धारा काढायला गेली. मागोमाग बनुबाई देवापुढे दिवा लावायला आली.

"ह्यो कुनी हलीवला?" ती पुटपुटली. तात्यांचा फोन पुन्हा नारिंगी खाचेत गेला, टॅब पाचव्या. त्यात राग नव्हता. पंगतीत सरकलेले ताट नीट करावे, तसे तिने ते केले.

पंकजा भाकऱ्या थापत होती. चुलीपासून तिला टॅबचा दिवा दिसत होता. तो कोणत्या खाचेत आहे, ते दिसत नव्हते. नऊला लाईट गेली. ठेवणीतली साडी नेसून ती आली आणि पाहते तर नऊ टक्के.

"आत्या, ह्यो कुनी काढला?"

"तिथं तात्यांचा असतो ना गं. तुझा बी लावलाच हाय की मी. शेवटच्या जागंनं कुनी मरत न्हाई, बाई. मी चाळीस वर्सं शेवटी जेवले."

दोघे भाऊ आपापले फोन घेऊन बाजाराला गेले होते. दहाला पडद्यावर एक बाई आल्या. त्यांनी नाव विचारले, शिक्षण विचारले, मान डोलावली. मग म्हणाल्या, "कधीपासून रुजू होऊ शकाल?" पंकजाने ओठ उघडले आणि पडदा काळा झाला. त्यात तिला फक्त स्वतःचा चेहरा दिसला.

ती माझ्याकडे धावली. तात्यांचा फोन काठोकाठ भरलेला होता. त्यावरून तिने गोरक्षनाथला फोन केला. बाजाराच्या गलक्यात त्याने उचलला नाही. दवाखान्याचा नंबर विझलेल्या टॅबमध्ये होता. तिने ती बटणे थोडा वेळ नुसती चाचपली आणि फोन पुन्हा जागेवर लावला. नारिंगी खाचेतच.

दुपारी लाईट आली, टॅब जागा झाला, तेव्हा त्यावर निरोप होता: जागा भरली.

"झालं का गं पोरी तुजं ते?" तात्यांनी ओसरीवरून मायेने विचारले.

"झालं, तात्या."

मित्रांनो, माझी वायर मुरगळू नका, माझ्यावर पाणी सांडू नका, एवढे सांगून मला थांबता आले असते. पण मला तशी दुखापत कधी झालीच नाही. या घरात मला फार जपले. म्हणून दुसरेच मागतो. चार्जर घेताना खोक्याची पाठ जरूर वाचा. आणि घरी आणल्यावर कोणाचा मान मोठा, ते पाहू नका. कोणाचे रिकामे आहे, ते पाहा. आम्हाला निवड करता येत नाही. जो लावला जातो, त्यालाच आम्ही देतो.

टॅब आता ट्रंकेत, साड्यांच्या तळाशी आहे. माझी पाचवी खाच मोकळी असते. पहिलीत तात्यांचा फोन आहे, सकाळपासून भरलेला.