तळाचे दरवाजे

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आमच्या हॉलंडमधल्या, झूटरमेरच्या घरी जेवणाच्या टेबलावर धरण आलं. माझा नवरा हरीश धरणांत गाळ कसा साचतो याची मॉडेल्स करतो. ऑफिस बंद, म्हणून त्याचे दोन मॉनिटर माझ्या पोळपाटाशेजारी. या देशात पाणी बाहेर ठेवायला बांध घालतात आणि आमचा माणूस इथे बसून उष्ण देशांतलं पाणी राखतो. ज्याचं त्याचं नशीब!

या वेळचं धरण मात्र बाबांचं होतं. बाबा म्हणजे माझे सासरे, ते तिथे इंजिनिअर होते. पहिल्या पुरात तळाचे दरवाजे उघडले, तर गढूळ पाण्याबरोबर गाळही निघून जातो. पण दुष्काळी भागात हातचं पाणी सोडायचं कुणी? बाबांनी दरवाजे वर्षानुवर्षं बंदच ठेवले. आता ते दरवाजेच गाळात गाडले गेलेत आणि धरण निम्मं बुजलंय.

एप्रिलमध्ये बाबा पुण्यात ऑक्सिजनवर होते. आम्हाला जाता येत नव्हतं. व्हिडिओ कॉलवर मास्क बाजूला करून ते म्हणाले, "हरीश, एक रन घे. मी दर पावसाळ्यात दरवाजे उघडले असते तर?"

हरीशने दरवाजे उघडे धरून मॉडेल चालवलं. धरण आणखी साठ वर्षं टिकलं असतं. तो डोकं धरून बसला. मला त्या मेल्या आकड्याचाच राग आला.

"सांगायचं नाही," मी म्हटलं. "झाकली मूठ सव्वा लाखाची. शांतपणे जाऊ दे त्यांना."

हरीश कामात कधी खोटं बोललेला नाही. त्या दिवशी माझं ऐकून बोलला. "बाबा, काही फरक नाही. दरवाजे उघडे काय, बंद काय, दोन्ही रन अगदी सेम आले."

मला वाटलं, सुटलो.

"अगदी सेम?" ते म्हणाले. "अरे, दरवाजे उघडल्यावर थोडा तरी गाळ जातोच. पाच-दहा वर्षांचा फरक सांगितला असतास, तर विश्वास ठेवला असता मी." मग त्यांना दम लागला. "म्हणजे खूपच आलाय ना फरक?"

हरीशच्या तोंडून 'नाही' निघेना. बाबांनी मान हलवली आणि नर्सला फोन बंद करायला सांगितलं.

नंतर त्यांनी आमचा एकही फोन घेतला नाही. आला तो हॉस्पिटलचाच. बाबा गेले, ते सगळं कळून गेले.