टँकरचा ठोका

माझा कान चुकत नाही, अशी माझी समजूत होती. नांदूरघाटच्या रस्त्याला माझं गॅरेज आहे आणि गॅरेजच्या मागेच घर. पंचवीस वर्षं इंजिनं उघडतोय. त्यामुळे ड्रायव्हर शहादेवने सोसायटीचा टँकर दारात आणून उभा केला आणि बॉनेटखालून टक् टक् ऐकू आलं, तेव्हा मी हातातला चहाचा कपही खाली ठेवला नाही. कुणीतरी चांगलं तेल काढून जळकं भरलंय, असं ठोकून दिलं.

हे मी नेमकं सुंदररावांसमोर बोललो. सुंदरराव आमच्या दूध सोसायटीचे चेअरमन. त्या वर्षी दुष्काळाने दूध आटलं, तेव्हा सोसायटीने दुधाचा टँकर पाण्याला लावला आणि डोंगराच्या कडेला जनावरांची छावणी काढली. साडेतीनशे जनावरं आणि पाणी फक्त या टँकरचं. किल्ली शहादेवकडे असायची. ती गेली तर त्याच्या हाताला दुसरं काम नव्हतं, गावभर चोर म्हणून नाव झालं असतं ते वेगळंच.

"आसाराम, उघडून दाखव," सुंदरराव म्हणाले. "तेलात खोट निघाली तर याची किल्ली आत्ताच काढून घेतो."

शहादेव माझ्याकडे बघत राहिला. दहा वर्षं तो मला दादा म्हणत होता. माझ्या मुलीच्या लग्नात दोन दिवस झोप न घेता पाहुण्यांची ने-आण केली होती त्याने.

"दादा, म्या तेलाला हात लावला न्हाई," तो म्हणाला. "कपिलधारच्या देवळात येऊन शपथ घेतो."

शपथेने ठोका थांबत नसतो, असं मी पुटपुटलो. मला घाई होती, आणि माझं खरं ठरवायचंही होतं.

इंजिन चालू ठेवून मी नोझलच्या नळ्यांचे नट एकेक करून ढिले करत गेलो. नट ढिला केला की त्या सिलिंडरला डिझेल मिळत नाही, आणि दुखणं तिथलंच असेल तर आवाज बसतो. पहिल्याला काही फरक पडला नाही. दुसऱ्याला ठोका एकदम दबला. नट आवळला, पुन्हा सुरू. मी ओरडून इंजिन बंद करायला लावलं. त्या सिलिंडरच्या रॉडचं खालचं बेअरिंग वाजत होतं. त्याला तेल पोचत नव्हतं, आणि असंच आणखी चार कोस चालवलं असतं तर रॉड इंजिन फोडून बाहेर आला असता.

तेल मोजायची पट्टी ओढली. तेल पुरेपूर होतं. बोटांवर चोळलं, वास घेतला. जळकं नव्हतं. तिथंच मी बोलायला हवं होतं. पण मी म्हणालो, खाली शिरल्यावर कळेल.

तेवढ्यात छावणी सांभाळणाऱ्या आश्रुबाचा फोन आला. हौदाचा तळ लागला होता, जनावरं सकाळपासून कोरड्या हौदात तोंड घालून हंबरत होती. सुंदररावांनी फोन ठेवला आणि घड्याळ बघितलं. भरलेला टँकर दारात उभा, त्याच्या तोटीतून थेंब गळत होते, आणि माझ्या बायकोने, मुक्ताबाईने, त्याखाली आधीच पातेलं लावून ठेवलं होतं.

मी खाली शिरलो. तेल काढलं आणि इंजिनच्या तळाचं तेलाचं भांडं, ज्याला आम्ही चेंबर म्हणतो, ते उतरवलं. वर तेल ओढणारी जाळी होती. ती करड्या लगद्याने बुजली होती. मी बोट घातलं. राख. आणि राखेत एक तांबूस तंतू, नारळाच्या शेंडीचा.

तो तंतू मी चिमटीत धरून तळहातावर घेतला.

हा चेंबर दगड लागून फुटला होता. आठ दिवसांपूर्वी मीच त्याला वेल्डिंग करून अंगणात ठेवला होता. गावात नळाला नऊ दिवसांनी पाणी यायचं, म्हणून घरोघरी भांडी शेंडीने कोरड्या राखेत घासून फडक्याने पुसून ठेवायचे. मुक्ताबाईने चेंबरही तसाच घासला, ताटासारखा लख्ख. मी तिचं कौतुक केलं आणि डिझेलने न धुता तसाच चढवला. आतल्या पत्र्यामागे राख अडकली असेल, हे पंचवीस वर्षांच्या मेस्त्रीला सुचलं नाही.

तंतू माझ्या तळहातावर होता. चिंधीने जाळी पुसली असती तर कुणालाच काही कळलं नसतं. मला लाज वाटत होती, भीतीही वाटत होती. गावाने मुक्ताबाईला हसावं हेही सहन होणार नव्हतं. पडल्या पडल्या मला शहादेवचे पाय दिसत होते. चपलेतून निघालेला अंगठा तो मातीत रुतवत होता.

"काहून थांबलास?" सुंदररावांनी विचारलं. "निघाली का खोट?"

मी चिंधी उचलली. मग खाली टाकली आणि तंतूसकट जाळी घेऊन बाहेर आलो.

"निघाली. माझीच हाय," मी म्हणालो. "चेंबर म्या राखेनं घासला आन् न धुता बसवला. शहादेवनं काई केलं न्हाई."

मुक्ताबाई दारात उभी होती. शेंडी तिने ओळखली. ती बोलायला पुढे झाली, पण मी तिच्याकडे असं बघितलं की ती पदर तोंडाशी धरून आत गेली.

सुंदररावांनी जाळी हातात घेऊन उलटसुलट बघितली. "तुझा कान चांगला हाय, आसाराम," ते म्हणाले. "तोंड त्याच्या आधी उघडतं."

मग किती वेळ लागेल ते विचारलं. मी तीन तास सांगितले. बेअरिंगची जोडी कपाटात होती. शहादेव न सांगता माझ्याशेजारी खाली येऊन पडला आणि नट सोडवायचे पाने देत राहिला. चेंबर मी डिझेलने तीनदा धुतला.

चार वाजता इंजिन सुरू झालं. आवाज स्वच्छ होता. शहादेव वर चढून बसला, तेव्हा मी केबिनच्या दाराला धरून म्हणालो, "चुकलं माझं, शहादेव."

त्याने आरशात मागचं बघितलं, गिअर टाकला.

"जनावरं तहानलीत," तो म्हणाला. "निघतो, मेस्त्री."

टँकर वळणापलीकडे जाईपर्यंत मी रस्त्यावर उभा राहून ऐकत होतो. ठोका कुठंच नव्हता.