मुलींच्या सहा ओव्हर

"आणि आता टाळ्यांच्या कडकडाटात स्वागत करूया आपल्या नळदुर्गच्या लेकीचं, रणजीपटू श्रावस्तीताईंचं!" उत्कर्ष माइकमध्ये एवढ्या जोरात ओरडला, की मांडवावरचे दोन्ही कर्णे किंचाळले.

श्रावस्ती खुर्चीतून उठली. बायकांना रणजी नसते, हे तिनं या उत्कर्षला परवा फोनवर सांगितलं होतं, काल बॅनर लागल्यावर सांगितलं होतं आणि आज सकाळी चहा पितानाही सांगितलं होतं. "ताई, लोकांना रणजी कळतं वो," एवढंच त्याचं उत्तर. म्हणजे अकरा हंगाम राज्याच्या संघाकडून स्टंपांमागं बसायचं, डाव्या हाताची करंगळी दोनदा मोडून घ्यायची आणि गावात ओळख कशी, तर जी स्पर्धा कधी खेळलीच नाही तिच्या नावानं!

स्पर्धेतल्या सगळ्या संघांच्या कप्तानांना आणि व्यासपीठावरच्या झाडून सगळ्या पुरुषांना फेटे बांधून झाले होते. श्रावस्तीसाठी मात्र साडी. स्पर्धा भरवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष वसंतराव यांच्या पत्नी चंद्रप्रभाबाई खण, नारळ आणि तांदळाचं ताट घेऊन पुढं आल्या.

"काकू, आमच्याकडं ओटी भरत नाहीत," श्रावस्ती हळूच म्हणाली.

"असू दे गं. बाईमाणसाला रिकामं कसं पाठवायचं? पुढच्या वर्षी मात्र जोडीनं ये."

मांडव खदाखदा हसला. ट्रॅक पँटवर ओटी कशात घ्यायची, हा प्रश्न कुणालाच पडला नाही. श्रावस्तीनं नारळ काखेत धरला, साडी हातात घेतली आणि हसलीसुद्धा. हसली, कारण आज तिला सहा ओव्हर हव्या होत्या.

त्या सहा ओव्हरसाठीच तर ती प्रमुख पाहुणी व्हायला तयार झाली होती. पोरांच्या उपांत्य आणि अंतिम सामन्याच्या मध्ये शाळेच्या मुली सहा ओव्हर खेळतील, ही तिची एकच अट. "सहा काय, दहा खेळव," असं वसंतराव स्वतः म्हणाले होते. त्या मुलींमध्ये नववीतली शिवगंगा होती. चौदा वर्षांची, काडीसारखी, पण मनगट असं की चेंडू मॅटवर पडला की वळवळत निघायचा. श्रावस्ती घरी असली की बोरी नदीच्या कडेला रोज संध्याकाळी तिच्याकडून शंभर चेंडू टाकून घ्यायची. उद्या धाराशिवला पंधरा वर्षांखालच्या मुलींची निवड चाचणी होती. निवड झाली तर महिनाभर पुण्याला शिबिर. फॉर्म भरलेला होता, फक्त बापाची सही राहिली होती.

बाप म्हणजे कल्याणप्पा. हायवेवर त्यांचा ढाबा. ते नाही म्हणाले नव्हते आणि हो तर नाहीच नाही. "पोरीला महिनाभर परमुलखात धाडायचं, तर एकदा डोळ्यानं बघतो तिचं काय हाय ते. मंग बोलू," म्हणाले. आज रविवार, ढाब्यावर पाय ठेवायला जागा नसते; तरी तंदूर दुसऱ्याच्या हवाली करून ते सकाळी नऊपासून बाभळीखाली उभे होते. खांद्यावर टॉवेल, हातात फोन. दर पाच मिनिटांनी फोन वाजत होता.

आणि इकडं ओव्हर झडत होत्या!

दहाला उत्कर्ष आला. "ताई, सेमी लांबली. चार ओव्हर करूया का?" चार तर चार. अकराला तो पुन्हा आला. "सायबांची गाडी अणदूरला पोचलीय. दोन ओव्हरमध्ये भागवा की." साहेब आले, साहेब बोलले, साहेब अर्धा तास क्रिकेट आणि संस्कृती यांवर बोलले. बारा मुली पीटीच्या कपड्यांत उन्हात बसून टाळ्या वाजवत होत्या. मग वसंतरावांनी श्रावस्तीला जवळ बोलावलं आणि अगदी मायेनं म्हणाले, "असं करू. पोरींना बॅट घिऊन उभं कर. सायबांसंगं फोटो काढू, पेपरात देऊ. झालं की प्रोत्साहन!"

हा मायाळू आवाज श्रावस्तीच्या चांगलाच ओळखीचा होता. दहा वर्षांची असताना गल्लीतली पोरं तिला याच आवाजात म्हणाली होती, "तू मागं थांब, गेलेले बॉल आणून दे." ती मागं थांबली आणि मागं थांबता थांबता यष्टिरक्षक झाली. पुढं मोठ्या शहरांतले मोठे लोकही असेच गोड बोलायचे. मुख्य मैदानावर मुलांचं शिबिर आहे, तुम्ही कॉलेजच्या मैदानावर खेळा. ड्रेसिंग रूमला कुलूप आहे, रोलर ठेवतात त्या खोलीत कपडे बदला. तिनं एकदा नाबाद एकाहत्तर काढल्या, तर पेपरात नाव आलं 'श्रावण'! तिचे वडील आबाराव दिवसभर फोन चोळत बसायचे, पोरीचा स्कोअर कुठंच दिसायचा नाही. दिसायचा तो दोन दिवसांनी. आणि गावात मात्र एकच प्रश्न, "टीव्हीवर कधी दिसणार गं तू?" जणू टीव्हीवर दिसली नाही तर ती अकरा वर्षं कुठंतरी लपूनच बसली होती! यंदाच्या संघाच्या यादीत तर तिचं नावच नव्हतं. तेही तिला ग्रुपवर आलेल्या यादीतून कळलं. फोन करण्याएवढंसुद्धा कुणाला वाटलं नाही.

बाभळीखाली कल्याणप्पांनी फोन खिशात टाकला आणि चप्पल पायात सरकवली. शिवगंगानं ते पाहिलं. तिनं श्रावस्तीकडं पाहिलं.

"टॉससाठी प्रमुख पाहुण्यांनी मैदानात यावं!" उत्कर्षचा आवाज घुमला.

श्रावस्तीनं साडी-नारळ खुर्चीत ठेवला, आपली किटबॅग खांद्याला लावली आणि मैदानात गेली. दोन्ही कप्तान फेटे सावरत उभे होते. पंचांनी तिच्या हातात नाणं ठेवलं. फोटोवाले सरसावले. श्रावस्तीनं नाणं खिशात टाकलं, बॅगेतून ग्लोव्ज काढून हातांत चढवले आणि सरळ स्टंपांमागं जाऊन बसली.

"शिवगंगा, बॉल घे! भैरवी, पॅड बांध! बाकीच्या फील्डिंगला!"

"ताई, टॉस…" एक कप्तान चाचरला.

"होईल की. सहा ओव्हर झाल्यावर."

मग वसंतरावांनी स्वतः माइक घेतला. "श्रावस्ती, बाळ, हट्ट करू नये. पाहुणे बसलेत."

"पाहुणी मीपण आहे, काका!" स्टंपांमागून ती ओरडली, त्यासाठी माइकची गरज नव्हती. "पत्रिकेवर बघा. तुम्हीच छापलंय!"

माइक बंद झाला. वसंतरावांनी दोन्ही पंचांना चहाला बोलावून घेतलं. पंच नाहीत तर सामना कसला? पोरं सावलीत जाऊन टेकली आणि तिथून एकेक सोडू लागली.

"ओ रणजी! गुडघं दुखतील!"

"मावशी, भाकरी थापायच्या राहिल्यात का घरी?"

गुडघं दुखतील म्हणे! असंच बसून राहणं हे तर अकरा वर्षांचं तिचं काम होतं. ती हलली नाही. मुली मात्र जागच्या जागी थिजल्या. शिवगंगाच्या हातात चेंडू होता, पण पाय उचलत नव्हते.

कारण बाभळीखालून कल्याणप्पा निघाले होते. रस्त्याकडं नाही, मैदानाकडं. सरळ, भराभर. पोरीचा हात धरून घरी न्यायलाच येताहेत, असं सगळ्यांना वाटलं. श्रावस्तीलाही. शिवगंगानं चेंडू मागं लपवला.

कल्याणप्पा मॅटपाशी येऊन थांबले. त्यांनी इकडचे स्टंप पाहिले, तिकडचे पाहिले.

"हितं एक मानूस उभारतो न्हवं?"

"उभारतो, काका. अंपायर," श्रावस्ती म्हणाली. "पण ते गेले चहाला."

"मंग म्या उभारतो. बॉल मोजायचं, दुसरं काय?" त्यांनी वाकून मातीतले सहा खडे उचलले आणि उजव्या मुठीत धरले. खिशातला फोन पुन्हा वाजला. त्यांनी तो न बघताच बंद केला.

"अप्पा," शिवगंगा पुटपुटली, "तुमाला नियम कुठं येतेत?"

"तुला येतेत न्हवं? तू टाक."

तिनं टाकला. पहिला चेंडू एवढा बाहेर पडला, की सावलीतली पोरं शिट्ट्या मारू लागली. दुसरा भैरवीनं ढकलला. तिसरा मात्र तोच होता, बोरीच्या कडेचा. उंच गेला, भैरवी खेळायला पुढं आली, चेंडू टप्पा पडून वळला आणि तिच्या पॅडवर थाडकन आपटला.

"हाऊज दॅट!" श्रावस्ती अशी ओरडली, की चहाचे कप घेतलेले पंचही वळून बघू लागले. शिवगंगा दोन्ही हात वर करून बापासमोर उभी.

कल्याणप्पा विचारात पडले. वाकून पाहिलं, पुन्हा सरळ झाले.

"पायाला लागला, ते दिसलं," ते म्हणाले. "पर पाय नसता तर दांड्याला लागला असता का न्हाय, ते मला न्हाय सांगता यायचं."

"अप्पा! आऊट हाय ओ!"

"आसंल. पर न्हाय दिसलं तर म्या खोटं बोट वर करणार न्हाय. पोरगी हायेस म्हणून तर आजिबातच न्हाय."

शिवगंगानं पाय आपटला. डोळ्यांत पाणी आणि राग दोन्ही. श्रावस्तीनं चेंडू तिच्याकडं फेकला. अकरा वर्षांत कितीतरी पंचांनी तिचं अपील उडवून लावलं होतं. इतका वेळ विचार करून कुणीच नाही.

कल्याणप्पांनी तिसरा खडा उजव्या मुठीतून डाव्या मुठीत घेतला. मग सकाळपासून पंचांना उभं राहताना बघत होते, तसेच गुडघ्यांवर हात टेकून थोडे वाकले आणि स्टंपांकडं डोळे लावून म्हणाले,

"टाक की परत. म्या कुठं चाललोय?"